मागचं वाचलंस ना?

खरं सांगायचं तर मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅगी, ऑम्लेट आणि अगदीच वेळ आली तर कुकरचा वरणभात, एवढ्यावर माझी पुण्यातली बॅचलर लाइफ मस्त चालली होती. आज मात्र मी रविवारी सकाळी विळीवर नारळ खवत बसतो. आणि तेसुद्धा कशासाठी? तर हॉट चॉकलेटसाठी! ऑफिसातले मित्र जाम हसतात. हसू देत. यामागे एक स्टोरी आहे आणि ती सांगताना मला स्वतःला फारसं हसू येत नाही.

स्टोरीच्या हिरॉइनचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. आपण तिला मॅडम म्हणू. आम्ही एकाच ऑफिसात, एकाच मजल्यावर, पण वेगवेगळ्या टीममध्ये. माझं तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते बर्थडे केकमुळे. कुणाचाही वाढदिवस असो, मॅडम टाळ्या वाजवायच्या, जोरात गाणं म्हणायच्या आणि केक कापला रे कापला की हळूच मागे सरकायच्या. आधी मला वाटलं, डाएट असेल. मग वाटलं, भाव खातेय. शेवटी एकदा न राहवून विचारलंच.

‘‘मला दुधाची अॅलर्जी आहे. आणि काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड यांचीपण.’’

‘‘मग लॅक्टोज-फ्री दूध पी की! हल्ली मिळतं,’’ मी एकदम एक्स्पर्टच्या थाटात म्हणालो.

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी घरी जाऊन आधी ते नेमकं काय असतं ते वाचलं. तर फंडा असा आहे. काही लोकांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही, कारण ती पचवणारं एन्झाइम कमी पडतं. मग पोट फुगतं, बिघडतं. तो त्रास पचनाचा. अॅलर्जी म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजून हल्ला करते. लॅक्टोज-फ्री दुधात साखरेची सोय केलेली असते, प्रथिनं सगळी जशीच्या तशी. म्हणजे मी मोठ्या प्रेमाने तिला विषच सुचवलं होतं!

पुढे ओळख वाढली. कॉफीला जायला लागलो, म्हणजे मी कॉफी आणि ती ब्लॅक टी. एकदा बोलता बोलता म्हणाली, ‘‘मी आयुष्यात हॉट चॉकलेट प्यायलेले नाही. कॅफेत सोया मिल्कचं मिळतं, पण दूध फेसाळायची वाफेची नळी तीच. आधी गाईच्या दुधात बुडवलेली, मग माझ्या कपात.’’ हे तिने इतक्या नॉर्मल आवाजात सांगितलं, की माझ्यातला हीरो खाडकन जागा झाला. ठरवलं, हिच्यासाठी हॉट चॉकलेट आपण बनवायचं. घरी. सरप्राइज!

एक ‘हो’

डिसेंबरातला रविवार होता. पुण्यात थंडी चांगलीच पडली होती. मी सोया मिल्कचा डबा आणला, डार्क चॉकलेटची महागातली स्लॅब आणली. कोथरूडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मॅडम आल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘‘मागचं वाचलंस ना?’’

‘‘हो.’’

आता या ‘हो’बद्दल थोडं बोललं पाहिजे. ते पूर्ण खोटं नव्हतं. मी स्लॅब उलटी करून बघितली होती. कोको मास, साखर, कोको बटर, लेसिथिन. कोको बटर नाव ऐकून घाबरलोही होतो, पण ते कोकोच्या बियांतलं तेल असतं, लोण्याशी त्याचा संबंध नाही, हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं. दूध कुठेच नव्हतं. मग मी वाचायचा थांबलो. कागदाच्या घडीखाली, बारीक अक्षरात अजून एक ओळ होती. ती मी वाचली नव्हती.

एरवी ती प्रत्येक पाकीट स्वतः हातात घेऊन वाचते. त्या दिवशी नाही वाचलं. का? तर मी इतक्या कॉन्फिडन्सने ‘हो’ म्हणालो होतो म्हणून.

अर्धा कप संपायच्या आत तिने ओठ चोळायला सुरुवात केली. मग मानेवर गांधी उठल्या. मग खोकला. आणि मग तिचा आवाज बदलला, घोगरा झाला. तिने पर्समधली गोळी घेतली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘हॉस्पिटल. आत्ता.’’ रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र काहीबाही बडबडत होतो.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आधी मांडीत अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, बाकीचं नंतर. त्या रात्री मला कळलं, की अॅलर्जीच्या गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, पण श्वासाचा मार्ग बंद व्हायला लागला तर गोळीवर विसंबून चालत नाही. तिथे अॅड्रिनॅलिनच लागतं आणि लगेच लागतं. बरं वाटल्यावरही तिला काही तास थांबवून ठेवलं, कारण अशी रिअॅक्शन उतरल्यावर पुन्हा उसळू शकते.

मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. खिशात हात घातला तर स्लॅबचा कागद निघाला. ट्यूबलाइटखाली घडी उलगडली. ‘यात दुधाचा अंश असू शकतो.’ ती ओळ मी तिथे पहिल्यांदा वाचली.

मध्यरात्रीनंतर तिला सोडलं. मी सॉरी, सॉरी करत होतो. ती चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, ‘‘तू ‘नाही वाचलं’ म्हणाला असतास तरी काही बिघडलं नसतं रे. मी वाचलं असतं.’’

काळ्या चॉकलेटमधलं पांढरं

पुढचे दोन आठवडे मी तिला फक्त ‘गुड मॉर्निंग’ एवढंच म्हणू शकलो. आणि रात्री बसून वाचत सुटलो. जे वाचलं त्याने डोकं गरगरलं.

डार्क चॉकलेटमध्ये दूध येतं कुठून? तर बऱ्याच कारखान्यांत मिल्क चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकाच मशीनवर बनतं. चॉकलेट आणि पाणी यांचं वैर. त्यामुळे ती मशीन आपल्या कढईसारखी पाण्याने घासून धुता येत नाहीत, पुढचंच चॉकलेट आतून फिरवून ती साफ केली जातात. मागचं थोडं पुढच्यात उतरतंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९४ डार्क चॉकलेट बार तपासले होते, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यातल्या ६ बारच्या घटकांत दूध लिहिलेलंच होतं. उरलेल्या ८८ पैकी किती बार पूर्णपणे दूधमुक्त निघावेत? फक्त ३७!

आपल्याकडे २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर अॅलर्जीचे मुख्य पदार्थ वेगळे जाहीर करावे लागतात. ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदाम वर्गातला सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. त्यामुळे घटकांच्या यादीनंतर थांबायचं नाही, खालची ‘आहे’ आणि ‘असू शकतं’ ही दोन्ही वाक्यं वाचायची. ‘वेगन’ शिक्का बघूनही हुरळून जायचं नाही. त्याचा अर्थ दूध मुद्दाम घातलेलं नाही, इतकाच. शेजारच्या मशीनवर काय चाललंय, याची ती गॅरंटी नाही. आणि हिल स्टेशनवरून आणलेली सुटी, चकचकीत कागदातली होममेड चॉकलेट्स? त्यांच्या मागे वाचायला काही नसतंच. मग तिच्यासाठी ती बाद.

तयार ड्रिंकिंग चॉकलेटच्या पावडरींचीही तीच गत. कशात दुधाची भुकटी, कशात बार्लीचं माल्ट. शेवटी माझ्या हाताला लागली ती साधी, कडू, बिनसाखरेची कोको पावडर. घटक एकच, कोको. खाली ‘असू शकतं’ची ओळ नाही. तरी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारलं, की याच मशीनवर दुधाचं काही बनतं का. ‘नाही’ असं मेलवर लिहून आलं, तेव्हा पाकीट विकत घेतलं.

आणि वाचता वाचता एक भारी गोष्ट सापडली. हॉट चॉकलेट मुळात दुधाचं नव्हतंच! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले माया आणि अॅझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून पाण्यात घोटून प्यायचे, मिरची वगैरे घालून. साखर आणि दूध ही नंतरची, युरोपातली भर. कोकोतलं तेल दाबून काढण्याच्या प्रेसचं पेटंट नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन कुटुंबाने १८२८ मध्ये घेतलं आणि तिथून आजची पावडर आली. त्याहून गंमत म्हणजे मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला एक लाकडी दांडा वापरतात, दोन तळहातांत धरून गरगर फिरवायचा. फोटो बघितला आणि उडालोच. अरे, ही तर आपली रवी!

आईची एंट्री

जानेवारीत आई कणकवलीहून राहायला आली. सोबत दोन पिशव्या, त्यात सहा नारळ, नाचणीचं पीठ आणि तुपातले लाडू. तिला मॅडमबद्दल साधारण अंदाज होता. आयांना असतो. मी सगळं सांगितलं, ती रात्र सोडून.

‘‘दूध नाही? मग चहा कसा पिते?’’

‘‘बिनदुधाचा.’’

‘‘तूप तरी चालत असेल.’’

‘‘नाही आई. तुपातही दुधाची प्रथिनं थोडी राहतात.’’

‘‘चमचाभराने काय होतंय? सवय नसते हल्लीच्या मुलांना, म्हणून...’’

मग मी ती रात्रही सांगितली. आई काही बोलली नाही. लाडवांचा डबा उचलून तिने वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी डोकं धरून बसलो होतो. बदामाचं दूध बाद, काजूचं बाद. सोया चाललं असतं, पण त्या रात्रीनंतर सोयाचा वास आला तरी माझ्या पोटात गोळा येत होता. आई म्हणाली, ‘‘अरे, शिरवाळ्यांना आपण काय गाईचं दूध घालतो? सोलकढीत काय घालतो?’’

च्यायला! आयुष्यभर नारळाचं दूध ओरपलेल्या माणसाला हे सुचू नये? मॅडमच्या घरी नारळ लहानपणापासून रोजच्या आमटीत, त्यामुळे तिला तो चालतो हे पक्कं माहीत होतं. (नारळाची अॅलर्जी क्वचित असते, पण असते. तेव्हा तुमच्या माणसाचं तुम्ही विचारा, आणि काय चालेल, काय नाही, हे त्याच्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.) मी उत्साहात नारळाच्या दुधाची तयार पावडर आणायला निघालो. दुकानात पाकीट उलटं केलं. सोडियम केसिनेट. म्हणजे दुधातलंच प्रथिन! नारळाच्या दुधाच्या पावडरीत! पाकीट परत ठेवलं आणि घरी येऊन विळी काढली.

खरी लढाई पुढेच होती. मी आमची जुनी रवी बाजूला ठेवली तशी आई दुखावली. ‘‘स्वच्छ धुतलेली आहे ती. माझ्या हातची भांडी घाण वाटायला लागली का तुला?’’

‘‘घाण नाही गं. पण तिने इतकी वर्षं ताक घुसळलंय. लाकूड आहे, त्याच्या भेगांत काय राहिलंय ते दिसत नाही. आणि मिक्सरच्या भांड्यात आपण काजू वाटतो, ते झाकणाच्या रबराखाली अडकलेले असतात.’’

आईने जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, ‘‘म्हणजे माशांच्या तव्यासारखं. कितीही घासला तरी त्यावर आपण घावणे घालत नाही.’’

‘‘अगदी तसंच!’’

‘‘मग हे आधी सांगायचंस ना.’’

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तुळशीबागेत गेलो. नवी रवी, स्टीलची नवी गाळणी, एक छोटं पातेलं आणि पातळ सुती कापड. मिक्सरच्या भांड्याला नवं रबर. आईने पातेल्याची घासाघीस करून वीस रुपये कमी करून घेतले, तेव्हा मला खात्री पटली, की ती आता माझ्या बाजूने आहे.

आता कृती

दोन मग हॉट चॉकलेटसाठी एक मध्यम नारळ लागतो. आधी ओटा, विळी, हात साबणाने धुवून घ्यायचे. पुसायला रोजचं फडकं नाही, नवं कापड. नारळ खवून कपभर गरम पाण्याबरोबर मिक्सरला लावायचा आणि कापडातून घट्ट पिळायचा. हे जाड दूध, बाजूला ठेवायचं. त्याच चोथ्यात पुन्हा कपभर गरम पाणी घालून वाटायचं, पिळायचं. हे पातळ दूध.

पातेल्यात दोन मोठे चमचे कोको, दोन ते तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. त्यावर थोडं कढत पाणी घालून आधी गुळगुळीत पेस्ट करायची. इथे घाई नको. कोको थेट दुधात टाकला तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घुसळा, तरंगतच राहतात. मीठ विसरू नका, कडवटपणाची धार तेच कमी करतं. आता पातळ दूध घालून गॅसवर ठेवायचं. घट्टपणासाठी लोक कॉर्नफ्लोअर घालतात. आईने एक चमचा नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून घातलं. कच्चा वास जाईपर्यंत चार-पाच मिनिटं ढवळत शिजवायचं. नाचणीत ग्लूटेन नसतं. पण ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनी चक्कीवरून दळून आणू नये, कारण त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो.

शेवटी गॅस अगदी मंद करून जाड दूध. याला उकळी आली की ते फाटतं, तेलाचे तवंग वर येतात. पहिल्या प्रयत्नात माझं फाटलंच. कडेला वाफ दिसली की बंद. मग रवी दोन तळहातांत धरून मिनिटभर फिरवायची. असा फेस येतो, की कॅफेवाल्यांनी बघत राहावं. चवीला? सॉलिड! थोडंसं शिरवाळ्यांच्या रसासारखं, थोडं चॉकलेट, आणि नाचणीमुळे एक खमंग भाजल्यासारखी चव, जी बाजारातल्या कुठल्याच पावडरीला नसते.

फेब्रुवारीतला रविवार

मॅडमना बोलवायला मला तीन दिवस लागले. ‘‘ये’’ म्हणणं सोपं होतं. पुढे काय म्हणायचं? या वेळी मी वाचलंय, असं? त्या शब्दांना आता काय किंमत होती?

ती आली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन हल्ली तिच्या पर्समध्ये असतं. आईला म्हणाली, ‘‘नमस्कार काकू.’’ आई म्हणाली, ‘‘ये गं बाळा, बस.’’ ती बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर त्याच जागी उभी राहिली. तिने प्रश्न विचारायच्या आत मी कोकोचं पाकीट, साखरेचं पाकीट, मीठ, नाचणीची पिशवी, कंपनीच्या मेलचा प्रिंटआउट, सगळं ओट्यावर ओळीने मांडलं. आणि गप्प उभा राहिलो.

तिने एकेक पाकीट उचललं. पुढून, मागून, घडी उलगडून वाचलं. मेल वाचला. नाचणी कुठून दळली ते आईला विचारलं. रवी उलटसुलट करून पाहिली. पाच-सात मिनिटं लागली असतील, मला पाच-सात तास वाटले. माझी भीती होती, की आई काही तरी बोलेल. ‘एवढा काय संशय’ छापाचं. आईने कोपऱ्यातून नारळाच्या दोन रिकाम्या करवंट्या आणल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

‘‘हे पण बघून घे. मागे काही लिहिलेलं नाही.’’

मॅडम फिस्सकन हसल्या. त्या रात्रीनंतर माझ्या घरात पहिल्यांदाच.

मग तिच्यादेखत बनवलं. पहिला घोट अगदी एवढासा. आम्ही तिघंही घड्याळाकडे बघत होतो आणि बघत नसल्यासारखं दाखवत होतो. पंधरा मिनिटांनी दुसरा घोट. अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘‘गार झालं रे. जरा गरम करून दे.’’ मी पातेलं गॅसवर ठेवलं, तेव्हा माझे हात चक्क थरथरत होते. तिने अख्खा मग संपवला. ओठांवर फेसाची तपकिरी मिशी. ‘‘साखर कमी आहे,’’ एवढाच शेरा.

आई महिनाभर राहून परत गेली. जाताना नव्या रवीच्या दांड्याला तिने लाल दोरा बांधला आणि ती वेगळ्या खिळ्याला टांगली, माझ्याकडून चुकून ताकात जाऊ नये म्हणून. आता दर रविवारी तिचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी, लग्नाचा विषय, आणि शेवटी ठरलेला प्रश्न.

‘‘लाल दोऱ्याची रवी कुणी ताकात घातली नाही ना रे?’’

मी फोन धरून आधी स्वयंपाकघरात जातो, खिळ्याकडे बघतो आणि मगच उत्तर देतो.